कॉमन किचन गच्चीवर की तळमजल्यावर? आधी घरी यायची वाट काढून बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते कळेल. बारा घरांचा ग्रुप, लहान मुलं आणि वयस्कर मंडळी धरून तीसेक माणसं. शहरातला अरुंद प्लॉट, तळमजला अधिक चार मजले, दर मजल्यावर तीन घरं. सगळ्यांनी मिळून एक कॉमन किचन आणि जेवायची खोली, कपडे धुवायची मशिनं आणि एक पाहुण्यांची खोली असं ठरलंय. आर्किटेक्ट म्हणतायत हे सगळं गच्चीवर घेऊ, उजेड-वारा भरपूर, व्ह्यू मिळेल, आवाजाचा कुणाला त्रास नाही, खाली पार्किंग मोकळं. निम्म्या लोकांना पटलंय, निम्म्यांना नाही. तुमचे तीन प्रश्न आहेत: वर की खाली, किती चौरस मीटर द्यायचे, आणि कॉमन किचन असेल तर घरातली किचनं काढून टाकली तर चालेल का.

पहिल्याचं उत्तर माझ्याकडून खाली असंच आहे. पण का ते समजून घ्या, कारण तळमजल्यावर घेऊनही ही खोली मेलेली मी बघितलीय. वर की खाली हा वाद तुम्ही खोलीच्या जागेवरून घालताय, आणि माझ्या मते बघायला हवं ते गेटपासून प्रत्येकाच्या दारापर्यंतच्या वाटेकडे. ती वाट कुठून जाते, वाटेत काय दिसतं, कुठे दोन मिनिटं थांबता येतं आणि नको असेल तेव्हा मान खाली घालून कुठून सटकता येतं, एवढं ठरलं की खोली कुठे बसवायची ते आपोआप कळतं.

माझीच चूक सांगते. साधारण पंधरा वर्षांपूर्वी अशीच एक इमारत केली, चौदा घरं होती. कॉमन खोली सगळ्यात वर, तिन्ही बाजूंनी काच, समोर मोठी गच्ची, फोटो इतके सुंदर आले की पुढची दोन कामं त्या फोटोंवर मिळाली. वर्षभराने सहज बघायला गेले तर टेबलं एकावर एक रचलेली, एका कोपऱ्यात मुलांची सायकल, दुसऱ्या कोपऱ्यात कुणाचे तरी सामानाचे खोके, आणि काचेच्या दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे आहे यावरच दहा मिनिटं फोनाफोनी झाली. बरं माणसं भांडलेली वगैरे अजिबात नव्हती, एकमेकांना धरून राहणारी चांगली मंडळी. मग मी संध्याकाळी तासभर खाली लिफ्टपाशी नुसती उभी राहिले. माणूस थकून येतो, हातात पिशव्या असतात, आपल्या मजल्याचं बटण दाबतो आणि घरात जातो. वरच्या खोलीत जायचं तर वेगळं ठरवावं लागतं, आणि ठरवण्याआधी वर कुणी आहे का ते कळावं लागतं, ते खालून कळायला काही मार्गच नाही, म्हणून तो जात नाही, आणि तो जात नाही म्हणून वर कुणी नसतं. झालं, चक्र पूर्ण. त्यात कुणाच्या स्वभावाचा दोष नव्हता, दोष माझ्या सेक्शनचा, म्हणजे कोणत्या मजल्यावर काय हे ठरवणाऱ्या उभ्या छेदाचा होता.

यावर एक जुना अभ्यास आहे तो मी प्रत्येक ग्रुपला सांगते. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तीन संशोधकांनी कुणाची कुणाशी मैत्री झाली ते तपासलं, १९५० साली ते छापून आलं. दुमजली इमारती, मजल्यावर पाच घरं, बहुतेक लोक एकमेकांना आधी न ओळखणारे. मैत्री जास्त कुणात झाली तर ज्यांची दारं जवळ होती त्यांच्यात. आणि त्यातली गंमत म्हणजे तळमजल्यावर जी घरं जिन्याच्या पायथ्याशी होती त्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशी ओळख इतरांपेक्षा जास्त होती, कारण वरचे येताजाता त्यांच्या दारावरून जायचे. जिना तिथे काढणाऱ्याने कुणाची मैत्री व्हावी म्हणून तो काढला नसणार, पण झाली.

तर आता तुमचा प्लॉट. समोर रस्ता, मागे प्लॉट खोल जातो, लिफ्ट आणि जिना बहुधा मध्यावर येणार. मी काय करीन तर गेटमधून आत आलं की एका बाजूला टपालपेट्या, त्याला लागून बसायला एक कट्टा, साधा, ४५ सेंटिमीटर उंच, पिशव्या टेकवायला उपयोगी पडेल असा. त्याच्यापुढे कॉमन किचनची खिडकी आणि मग जिना-लिफ्ट. म्हणजे रोज येताना प्रत्येकाला खोली दिसते, पण खोलीतून जावं लागत नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे. काही जण उत्साहात जिनाच हॉलमधून काढतात, की आता सगळ्यांची भेट होणारच. होते, पहिले दोन महिने होते, मग लोक वैतागतात. आजारी आहे, भांडून आलोय, नुसतं बोलायचा मूड नाही, अशा दिवशी तीस लोकांसमोरून जायला लागलं तर माणूस मागच्या दाराची किल्ली मागतो.

अंतराचं सांगते. एडवर्ड हॉल नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने माणसं एकमेकांपासून किती अंतर ठेवतात याची मोजमापं मांडली होती, त्यात ओळखीपाळखीच्या, कामापुरत्या बोलण्याचं अंतर साधारण १.२ ते ३.६ मीटर येतं. माणसं सगळीकडे सारखी नसतात, आकडे थोडे मागेपुढे होतात, पण ड्रॉइंगवर मला याचा फार उपयोग होतो. वाट टेबलाच्या दीड मीटरवरून गेली तर बोलावंच लागतं, न बोलता गेलं तर उद्धट वाटतं. तीन-साडेतीन मीटरवरून गेली तर मान हलवली तरी पुरतं. म्हणून मी वाट आणि जवळचं टेबल यात तीन मीटर तरी ठेवायचा प्रयत्न करते, आणि जागा नसेल तर मध्ये काहीतरी कंबरेइतकं उंच घालते, पुस्तकांचं कपाट किंवा कुंड्यांची ओळ.

ओट्याची दिशा हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे इथे जरा रेंगाळते. नेहमीच्या घरात ओटा भिंतीला लागून असतो, स्वयंपाक करणाऱ्याची पाठ सगळ्यांकडे. कॉमन किचनमध्ये तोच ओटा उचलून ठेवला तर ज्याची पाळी असते तो दोन तास भिंतीकडे तोंड करून एकटा राबतो आणि बाकीचे त्याच्या पाठीमागे गप्पा मारतात, मग तीन महिन्यांत पाळ्या मोडतात आणि लोक म्हणतात आमच्या ग्रुपला शिस्त नाही. मी मुख्य ओटा मोकळा काढते, दोन्ही बाजूंनी उभं राहता येईल असा, निदान ९० सेंटिमीटर रुंद, आणि शेगड्या व सिंक अशा ठेवते की काम करणाऱ्याचं तोंड येणाऱ्या वाटेकडे. मान वर केली की कोण आलं ते दिसतं. येणाऱ्यालाही आत कोण आहे, काय चाललंय ते कळतं, आणि चिरायला मदत करायला समोरून उभं राहता येतं, आत घुसावं लागत नाही. ओट्याभोवती फिरायला १.२ मीटर ठेवा, घरातल्यासारखे ९० सेंटिमीटर नकोत, कारण इथे दोन-तीन माणसं गरम भांडी घेऊन एकमेकांमागून जाणार. आणि सिंक दोन, यावर तडजोड नको. एक सिंक म्हणजे रोजचं एक भांडण.

पार्किंगवर इथेच बोलते कारण बरेच प्लॅन तिथे फसतात. खाली पार्किंग ठेवून कॉमन खोली पुढे घेता येते, पण पार्किंगमधून लिफ्टला थेट दार दिलं की गाडीने येणारी निम्मी माणसं त्या वाटेवर कधी येतच नाहीत. कागदावर खोली मोक्याची, प्रत्यक्षात तिच्यासमोरून फक्त पायी येणारे जातात. पार्किंगचं दार टपालपेट्यांच्या अलीकडे उघडा, चार पावलं जास्त पडतील. यावर तुमच्या ग्रुपमध्ये ओरड होईल, होऊ द्या. चालायला त्रास असलेल्यांसाठी एक जागा लिफ्टच्या जवळ राखून ठेवली की मुद्दा मिटतो.

आता आवाज. आर्किटेक्ट म्हणतात गच्चीवर आवाजाचा त्रास नाही, तर हे अर्धंच खरं आहे. बोलण्याचा आवाज हवेतून जातो, तो वरच्या मोकळ्या जागेत विरतो हे बरोबर. पण खुर्ची सरकवण्याचा, पळण्याचा, भांडं पडण्याचा आवाज स्लॅबमधून खाली उतरतो, आणि स्लॅब जाड करून तो फारसा थांबत नाही, त्याला फरशीखाली लवचिक थर घालून वेगळी तरंगती जमीन करावी लागते. म्हणजे तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या तीन घरांच्या डोक्यावर रोज तीस खुर्च्या सरकणार. तळमजल्यावर खोली असली की तिच्याखाली कुणी राहत नाही, हा एक मुद्दाच मला पुरेसा वाटतो. कपड्यांच्या मशिनांनाही हेच लागू, ती जमिनीवरच्या काँक्रीटवर ठेवा, वरच्या स्लॅबवर ठेवली तर फिरायला लागली की खालच्या बेडरूमची झोप उडते.

मात्र खोलीच्या आतला आवाज हा वेगळा प्रश्न आणि तो मी एकदा पूर्ण विसरले होते. जेवायची खोली म्हणजे फरशी, काच, काँक्रीट, गुळगुळीत प्लास्टर. वीस माणसं बोलायला लागली की आवाज घुमतो, मग प्रत्येक जण अजून मोठ्याने बोलतो, आणि ज्यांना ऐकू कमी येतं ते वयस्कर लोक सगळ्यात आधी यायचे बंद होतात. ते कारण सांगत नाहीत, दमलो म्हणतात. याचा हिशेब सोपा आहे. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६, भागिले खोलीतल्या वस्तूंचं एकूण शोषण, म्हणजे आवाज विरायला किती सेकंद लागतात ते येतं, याला सॅबिनचं सूत्र म्हणतात. समजा ५५ चौरस मीटरची खोली, ३ मीटर उंच, म्हणजे १६५ घनमीटर. सगळं कडक असेल आणि शोषण जेमतेम १० धरलं तर अडीच सेकंदांच्या वर जातं, त्यात बोलणं कळत नाही. त्याच खोलीच्या छताला ४० चौरस मीटर आवाज शोषणारे पॅनेल लावले, ०.८ शोषणाचे, म्हणजे आदळलेल्या आवाजातला ८० टक्के गिळणारे, तर १० चे ४२ होतात आणि वेळ येतो साधारण ०.६ सेकंद. रात्रंदिवसाचा फरक आहे. बजेट कमी पडलं की सगळ्यात आधी हे छत उडतं, कारण ते फोटोत दिसत नाही. तुम्ही उडवू देऊ नका, हवी तर फरशी साधी घ्या.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते, किती जागा. इथे लोक दोन टोकं गाठतात, एक तर सगळे तीस जण एकदम बसतील असा हॉल मागतात नाहीतर उरलेल्या कोपऱ्यात टेबल टाकतात. मोठा हॉल जास्त वाईट. साठ माणसांच्या हॉलमध्ये चार माणसं बसली की ती चुकून आल्यासारखी वाटतात. रोज जेवायला सगळे येत नाहीत, दोनतृतीयांश आले तरी खूप, म्हणजे वीसेक. बसायला आणि मागून जायला धरून माणशी दीड चौरस मीटर घ्या, ३० झाले. किचन आणि कोठीची जागा १५. मुलांना जमिनीवर बसून खेळायला आणि कुणाला एकटं वाचत बसायला एक कोनाडा, १० धरा. ५५ झाले. बारा घरांत वाटले तर घरटी साडेचार चौरस मीटरच्या आसपास येतं. म्हणजे प्रत्येकाने आपल्या घरातून एक मोठी बाल्कनी सोडल्यासारखं आहे आणि त्याबदल्यात वीस माणसांना जेवायला बोलवता येईल अशी खोली मिळतेय. सगळे तीस जण जमतात त्या वर्षातल्या पाच-सहा दिवसांसाठी खोलीचं एक पूर्ण दार घडी करून मागच्या अंगणात उघडा.

कोनाड्याबद्दल एक उदाहरण. जपानमध्ये नागोयाला एलटी जोसाई म्हणून १३ खोल्यांचं एक शेअर हाऊस आहे, २०१३ चं, नारुसे इनोकुमा या आर्किटेक्टांचं. खोल्या साधारण सारख्याच, पण त्या वरखाली, मागेपुढे अशा रचल्यात की मधल्या पोकळीत कॉमन जागेचे वेगवेगळे तुकडे तयार होतात, कुठे मोठं टेबल, कुठे एकट्याला बसायला उंच कट्टा, कुठे नुसता गालिचा. एकत्र असूनही एकटं बसता येणं ही चैन नाही, रोजची गरज आहे. एकटं बसायला जागा नसेल तर माणूस आपल्या खोलीत जातो आणि दार लावतो, आणि मग तो जेवायलाही बाहेर येत नाही.

तिसरा प्रश्न, घरातली किचनं. काढू नका. हा प्रयोग शंभर वर्षं चाललाय. मॉस्कोत १९३० च्या सुमारास पूर्ण झालेली नार्कोमफिन इमारत, मोइसेइ गिंझबर्ग आणि इग्नाती मिलिनिस या आर्किटेक्टांची, तिच्यातल्या लहान घरांना पूर्ण किचन दिलं नव्हतं, छोटा कोनाडा तेवढा होता, आणि जेवणखाण शेजारच्या सामायिक इमारतीत, तिथे जायला पूल. स्टॉकहोममध्ये स्वेन मार्केलियस या आर्किटेक्टने १९३५ साली जे सामुदायिक घर केलं त्यात तळमजल्यावर रेस्टॉरंट आणि तिथून जेवण थेट घरात यायला छोट्या लिफ्ट. ड्रॉइंग म्हणून दोन्ही अप्रतिम. पण नीट बघा, छोट्या लिफ्टने जेवण वर येतं म्हणजे माणूस खाली जायचंच थांबतो, आणि स्वयंपाक करणारी पगारी माणसं वेगळी. ते हॉटेल झालं. डेन्मार्कमध्ये १९७२ ला सेटेडॅमेन ही २७ घरांची वसाहत झाली, आजकाल ज्याला कोहाउसिंग म्हणतात त्याची सुरुवात तिथून धरतात. तिथली कल्पना उलटी आहे: प्रत्येकाचं घर स्वतःपुरतं पूर्ण, किचनसकट, आणि त्याशिवाय सगळ्यांचं मिळून एक घर. माझ्या अनुभवात हीच टिकते. ज्याला घरी बनवून खायची सोय आहे तो आपणहून खाली येतो, ज्याची सोय काढून घेतली तो नाराजीने येतो आणि मिठाच्या प्रमाणावरून भांडतो. पण पूर्ण किचन म्हणजे मोठं किचन नाही. १.८ ते २.१ मीटरचा ओटा, दोन शेगड्या, एक सिंक, बेताचा फ्रीज. मोठी भांडी, मोठा ओव्हन, जास्तीच्या खुर्च्या खाली. तिथेच तुमचे घरटी साडेचार चौरस मीटर निघतात.

वरच्या मजल्यांवर काय? दर मजल्यावर तीन दारं, त्यांना जोडणारा पॅसेज. तो इमारतीच्या पोटात, दोन्ही बाजूंना दारं असा घेतला तर दिवसा दिवा लावावा लागतो आणि तिथे कुणी क्षणभर थांबत नाही. फ्रान्समध्ये मार्सेच्या युनिते दाबितासिओंमध्ये, १९५२ ची ल कोर्ब्युझिए या आर्किटेक्टची ३३७ घरांची इमारत, त्याने अशा पॅसेजला आतला रस्ता म्हटलं होतं, पण उजेड नसलेल्या रस्त्यावर कोण उभं राहतंय? त्यापेक्षा एका बाजूने उघडी गॅलरी बरी, जुन्या चाळींचा सगळा जीव गॅलरीतच होता हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या पार्क हिल या वसाहतीत १९६१ साली दूधवाल्याची छोटी गाडी जाईल इतक्या रुंद गॅलऱ्या केल्या होत्या. तुम्हाला तेवढी रुंदी नको, १.८ मीटर पुष्कळ झाली. दार गॅलरीच्या रेषेत न लावता ७०-८० सेंटिमीटर आत घ्या. तेवढ्या खाचेत चपला, एक खुर्ची, कुंडी मावते, आणि दार उघडलं की घर थेट उघडं पडत नाही. गॅलरीकडे किचनची खिडकी चालेल, बेडरूमची अजिबात नको, ती दिली की पडदा कायमचा बंद. आगीच्या नियमात बाहेर पडायच्या वाटेची रुंदी मोकळी लागते, त्यामुळे खुर्ची खाचेत बसते की वाटेत येते हे ड्रॉइंगवरच तपासा, नाहीतर तपासणीला सगळं उचलावं लागेल. ठिकाणानुसार नियम बदलतात, तुमचे आर्किटेक्ट सांगतील.

पाहुण्यांची खोली तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर घ्या, बाथरूम जोडून, पायरी न ठेवता. कुणाचा पाय मोडला, कुणाची आई महिनाभर राहायला आली, रात्री थांबणारा मदतनीस लागला, ही खोली पाहुण्यांपेक्षा यालाच जास्त वापरली जाते. जमलं तर ती दोन घरांच्या मध्ये बसवा आणि दोन्ही बाजूंच्या भिंतीत दाराची चौकट आत्ताच सोडून विटांनी बुजवून ठेवा, उद्या एखाद्या घराला खोली जोडायची वेळ आली तर बीम तोडावा लागणार नाही.

मग गच्ची वाया घालवायची का, तर नाही. कपडे वाळत घालणं, भाजी लावणं, उन्हाळ्यात रात्री बसणं, मोठ्या मुलांना मोठ्यांपासून लांब जायला जागा, ही गच्चीची कामं. तिथे माणूस मुद्दाम जातो आणि त्याला तसंच हवं असतं. फक्त मशिनं खाली आणि दोऱ्या वर असं केलं की ओल्या कपड्यांची बादली घेऊन लिफ्टने पाच मजले. हा गुंता मला आजपर्यंत नीट सोडवता आलेला नाही, अरुंद प्लॉटवर खाली ऊन येत नाही आणि वर मशिनं नकोत. मी मशिनं खालीच ठेवते, लोक मला बोलतात.

मी ज्यावर ठामपणे बोलू शकत नाही ते पण सांगायला हवं. तुमच्या रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत गोंगाट असेल किंवा पावसाचं पाणी तळमजल्यात शिरत असेल, किंवा तुमच्याकडच्या नियमात तळमजला बंदिस्त करताच येत नसेल, तर माझं उत्तर बदलेल. मग मी पहिला मजला घेईन, पण गेटमधून रुंद, सोप्या पायऱ्या थेट त्या मजल्यापर्यंत नेईन, पायरीची उंची १५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि लिफ्टही तिथे काचेच्या दाराने थांबेल अशी ठेवीन, म्हणजे बसून वर जाणाऱ्यालाही आत कोण आहे ते दिसेल. आणि काहीच जमलं नाही, गच्चीशिवाय इलाज नाही, तर निदान रोजचं एखादं काम तिथे न्या, टपाल नाही नेता येणार पण पिण्याच्या पाण्याचं फिल्टर नेता येईल, मशिनं नेता येतील, आवाजाचा खर्च सोसून. नुसती सुंदर खोली वर ठेवून लोक चढतील ही आशा ठेवू नका. ग्रुप कसा आहे यावरही बरंच आहे. तुम्ही आत्ताच आठवड्यातून दोनदा एकत्र जेवत असाल तर चुकीची खोलीसुद्धा काही वर्षं चालवून न्याल. पण घरं विकली जातात, माणसं बदलतात, आणि दहा वर्षांनी येणाऱ्या माणसाला तुमच्या मीटिंगा माहीत नसतात, त्याला फक्त वाट माहीत असते.

ज्यांना पूर्ण घरं नकोत, नुसत्या खोल्या आणि बाकी सगळं एकत्र असं करायचंय, त्यांचं गणित थोडं वेगळं. तिथे पाच ते आठ खोल्यांचा एक गट आणि त्याला स्वतःचं किचन असं तोडा, वीस जणांना एक किचन दिलं की ते कुणाचंच राहत नाही. झुरिकमध्ये २०१५ च्या मेअर आल्स वोहनेन वसाहतीत असे गट आहेत, प्रत्येक छोट्या घराला स्वतःचं बाथरूम आणि चिमुकला ओटा, मध्ये मोठी सामायिक बैठक. बाथरूम एकत्रच ठेवायचं असेल तर संडास, अंघोळ आणि वॉश बेसिन ही तीन वेगळी दारं करा, एकाच जागेत सकाळी एकाऐवजी तिघांचं काम होतं. आणि फ्रीजमध्ये प्रत्येकाला नावाचा कप्पा. हसू नका, मी बघितलेली निम्मी भांडणं फ्रीजमधून सुरू झाली.

पुढच्या मीटिंगला जाताना एक करा. तळमजल्याच्या प्लॅनच्या तीस झेरॉक्स काढा, लहान मुलांसकट प्रत्येकाला एक, आणि प्रत्येकाला रंगीत पेन्सिलने आपला कालचा दिवस काढायला सांगा, सकाळी बाहेर पडले तेव्हा कुठून गेले, परत कुठून आले, कचरा टाकायला, सायकल ठेवायला, मुलाला खाली खेळायला सोडायला. सगळे कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. मागच्या वेळी एका ग्रुपबरोबर हे केलं तेव्हा सगळ्यात जाड रेघ निघाली मागच्या बाजूला, सायकलस्टँड आणि जिना यांच्यामध्ये, जिथे आम्ही पंपाची खोली दाखवली होती. मुख्य दाराने जवळजवळ कुणीच येत नव्हतं. पंप गेला पुढे, ओटा आला मागे, आणि मी आठवडाभर खपून काढलेलं पुढचं देखणं प्रवेशद्वार आता सायकली दुरुस्त करायला वापरतात.